अनुभव धागा: सायकल, शहरातले रस्ते आणि बेदरकार गाडीवाले

चाकोरी (धागाकर्ती)
परवा कुठेतरी 'सायकलवाल्यांनी कडेला चिकटून चालवावं' असं वाचलं आणि सायकल शिकताना सगळ्यांच्या कानी पडलेला तो जुना सल्ला आठवला. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला धोक्याचा आहे. गटाराची झाकणं, खडी, काचा सगळं कडेलाच साचतं. ते चुकवताना सायकल आतबाहेर होत राहते आणि मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. शिवाय त्याला वाटतं, लेन न बदलता याच लेनमधून आपण निघून जाऊ, आणि तो हँडलला घासून जातो. आयत्या वेळी सरकायला जागाही उरलेली नसते.

कडेपासून निदान अर्धा मीटर सोडा. लेन अरुंद असेल किंवा चौक जवळ आला असेल, तर लेनच्या मधोमध चालवा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या नियमावलीत, २०२२ साली हेच घातलं गेलं. मध्यावर यायचं तर लवकर या. चौकाच्या तोंडाशी एकदम मध्ये आलात तर मागच्याला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

तुम्हाला रस्त्यावर जे उपयोगी पडलं ते लिहा. कितीही बारीक असलं तरी चालेल.

मागचा_दिवा
दार!! उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना हँडलचं टोक आणि गाडी यांत एक मीटर तरी हवं, दीड असेल तर उत्तम. दार साधारण एक मीटर बाहेर येतं. बहुतेक वेळा धडक दाराच्या पत्र्याशी होत नाही, त्याच्या काठाला हँडल अडकतं आणि माणूस रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकला जातो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढे.
खुणा: ब्रेकचे दिवे आत्ताच विझलेत, पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं आहे, आत डोकं दिसतंय, टॅक्सी आत्ताच थांबलीय. यातलं काहीही दिसलं की बोटं ब्रेकवर.

सानिका_प
>> दार!!
गाडीत बसणाऱ्यांनाही सांगा ना. दारापासून लांब असलेल्या हाताने कडी उघडायची. खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. डच रीच म्हणतात त्याला. घरातल्या लहानांना पहिल्यापासून हीच सवय लावता येते, मोठ्यांना लागायला जरा वेळ लागतो.

तिरकी_साखळी
ट्रक आणि बसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सिग्नलला उभ्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत कधीच शिरू नका, कितीही जागा दिसू दे. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. वळण सुरू होताना दिसणारी दोन मीटरची फट वळण संपेपर्यंत शून्य होते. त्यात ड्रायव्हर आधी उलट्या बाजूला गाडी घेतो, मग वळवतो, म्हणून लोकांना वाटतं तो सरळ किंवा पलीकडे चाललाय.
आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. दिसत असेल तरी तो बघतोच आहे असं नाही. ट्रकच्या मागे, लेनच्या मधोमध थांबा. अडकलातच तर सायकल सोडून द्या आणि फुटपाथवर चढा. सायकल दुसरी मिळते.

निवांत_पेडल
सायकल सोडून द्या हे वाचून पोटात गोळा आला पण पटलं. घरी सांगून ठेवते.

गिरकी
समोरून किंवा आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे बघू नका, पुढचं चाक बघा. बोनेट हलायच्या आधी चाक फिरताना दिसतं.
आणि गाडीच्या समोरच्या काचेच्या बाजूचा तो जाड खांब. सायकल आणि गाडी एकाच बिंदूकडे स्थिर वेगाने येत असतील तर ड्रायव्हरच्या नजरेतला तुमचा कोन बदलतच नाही. एकदा खांबाआड गेलात की धडकेपर्यंत खांबाआडच राहता. म्हणून चौकाकडे येताना वेग जरा बदलायचा किंवा लेनमध्येच अर्धा मीटर सरकायचं. तेवढ्याने खांबाबाहेर येता, आणि आडवी हालचाल चटकन नजरेत भरते.

मागचा_दिवा
@गिरकी कोन बदलत नाही हे डोक्यात नव्हतं आलं. मुलाला समजावताना वापरतो.

ओलं_रिम
ब्रेकचं लिहितो, स्वयंपाक गॅसवर आहे म्हणून तुटक.
२५ किमी वेग म्हणजे सेकंदाला ७ मीटर. भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला ५ मीटर. एकूण १२. गर्दीत बोटं कायम लीव्हरवर असतील तर पहिल्या ७ मधले काही वाचतात.
दोन्ही ब्रेक एकदम, पण थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा करतो. बूड सीटच्या मागे, हात ताठ. पुढचा ब्रेक झटक्यात नाही, पिळत पिळत. मागचं चाक घसरायला लागलं की पुढचा किंचित सैल.
पावसात रिम ब्रेक चाकाच्या पहिल्या एकदोन फेऱ्यांत पाणीच पुसतात, काही धरत नाहीत. आधीच हलके घासत चला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ना ब्रेक, ना वळण.

सानिका_प
मागे वळून बघताना सायकल त्याच बाजूला जाते त्याला उपाय आहे का? ट्रॅफिकमध्ये भीती वाटते.

चाकोरी
@सानिका_प खांद्याबरोबर हँडल ओढलं जातं म्हणून होतं ते. ज्या बाजूला बघायचं तो हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा, मग बघा. दुसऱ्या हाताचं कोपर सैल. मोकळ्या मैदानात आखलेल्या रेषेवरून सराव करा, मागे कुणीतरी बोटं दाखवत उभं राहू दे आणि किती ते तुम्ही सांगा. रेष सुटेनाशी झाली की मगच रस्त्यावर.
क्रम: बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग सरका. वळायच्या आधी हात परत ब्रेकवर.

निवांत_पेडल
आरसा लावला तर वळून बघायची गरज नाही ना? माझा आरसा थरथरतो, काही दिसतच नाही.

तिरकी_साखळी
आरसा आणि वळून बघणं, दोन्ही लागतं. आरशात नेमकी शेजारची गाडी दिसत नाही. थरथरीसाठी क्लँपखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि आरशाची दांडी जितकी आखूड तितकं बरं. टायरमध्ये हवा फार भरली असेल तरी थरथर वाढते.

कॅमेरावाला
कॅमेऱ्याबद्दल, कारण पुरावा नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही. रात्री नंबरप्लेट पांढरीफक्क येते, प्लेटवरून प्रकाश थेट लेन्समध्ये परततो. म्हणून गाडी दिसताच नंबर मोठ्याने उच्चारा, आवाज नोंदला जातो. तारीख-वेळ आधी बरोबर लावून ठेवा. रेकॉर्डिंग फिरतं असतं, जुन्यावर नवं चढतं, तेव्हा घटना घडली की ती फाईल लगेच लॉक करा आणि घरी गेल्यावर मूळ फाईल कापाकापी न करता वेगळी जपा.
भांडायला उतरणाऱ्या ड्रायव्हरबद्दल: गाडीवर थाप मारू नका, पाठलाग नको, काही बोलू नका. फुटपाथवर चढा, जिथे माणसं आहेत तिथे. त्याच्या हातात दीड टनाचं यंत्र आहे आणि तो आधीच चिडलेला आहे.

गिरकी
@कॅमेरावाला नंबर उच्चारायचं फार उपयोगी. धडक झालीच तर 'मी ठीक आहे' म्हणून तिथल्या तिथे मिटवू नका. अंगात तेव्हा इतका जोर असतो की मोडलेलं हाडही जाणवत नाही. नंबर, साक्षीदारांचे फोन, गाड्या हलवायच्या आधी फोटो. हेल्मेटला दणका बसला असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलाच, आतला फोम एकदाच दबतो.

चाकोरी
ओव्हरटेकच्या अंतराचा नियमही लिहून ठेवते, मागणी करताना उपयोगी पडतो. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात निदान १.५ मीटर आणि शहराबाहेर २ मीटर अंतर कायद्यानेच आहे. फ्रान्समध्ये शहरात १ आणि बाहेर १.५.

ओलं_रिम
अंतर सोडलं तरी ट्रकची हवा लागते. आधी बाहेर ढकलते, मग मागे जागा झाली की आत ओढते. कोपरं वाकलेली, हँडल घट्ट न आवळता.

निवांत_पेडल
चमकती जॅकेट रात्री चालतात का?

मागचा_दिवा
@निवांत_पेडल पोपटी-नारिंगी भडक कापड दिवसा आणि संध्याकाळीच उपयोगी, रात्री ते करडंच दिसतं. रात्री परावर्तित पट्टी हवी, तीही घोट्यांना. वरखाली हलणारे दोन ठिपके बघून 'माणूस पेडल मारतोय' हे लगेच कळतं. मागचा दिवा पिशवीआड जात नाही ना, ते सायकल उभी करून दहा पावलं मागे जाऊन तपासा, जास्त वेळा तिथेच घोळ असतो. पुढच्या दिव्याचा झोत जरा खाली रोखा, समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर त्याला तुमचं अंतर कळत नाही.

निवांत_पेडल
पिशवीआडच होता. आता कॅरियरच्या दांडीवर बांधला.