प्रबोधनकाळातला तत्त्वज्ञानाचा संवाद: सुरुवात कुठून?

बोरू: वाचनगटासाठी युरोपीय प्रबोधनकाळातला (रेनेसान्स) एक संवाद, म्हणजे पात्रांच्या बोलण्यातून मांडलेला ग्रंथ, सुचवा. चार बैठका आहेत. इंग्रजी भाषांतर चालेल. अट एकच, दीडशे पानांच्या आत.

खडूस_वाचक: गॅलिलिओचा विश्वरचनेवरचा संवाद, १६३२. चार दिवसांचा संवाद, चार बैठका, हिशेब जुळला. साल्व्हियाती कोपर्निकसची (पृथ्वी सूर्याभोवती फिरते) बाजू लढवतो, सिम्प्लिचिओ ॲरिस्टॉटलची (पृथ्वी स्थिर), साग्रेदो चौकस श्रोता. शेवट गाळू नका. पोप आठव्या अर्बनचा लाडका मुद्दा सिम्प्लिचिओच्या तोंडी घातलाय, तिथेच माशी शिंकली.

तळटीप: अहो, पाचशेच्या आसपास पानं आहेत त्याची! थॉमस मोरचं 'युटोपिया' (१५१६) घ्या, एका आदर्श बेटाबद्दलचं. पहिला भाग खरा वादाचा, दुसऱ्यात जवळपास एकटा हिथ्लोडेच, बेट पाहून आलेला प्रवासी, बोलतो. लोक पहिला सोडतात आणि त्याचं भाषण मोरचं मत म्हणून खपवतात. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी 'बाष्कळ बडबडीत वाकबगार', ग्रीकमध्ये.

दुपारचा_चहा: गॅलिलिओ +१

खडूस_वाचक: पहिला दिवस तेवढा वाचा मग. पण गॅलिलिओच.

शाईचा_डाग: रोमन वक्ता सिसेरोचा साचा, दोन्ही बाजूंनी बोलण्याचा, सगळेच विसरले. फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो ब्रूनीचे लॅटिन संवाद बघा, दोनच भाग. पहिल्यात निक्कोली (ब्रूनीचा विद्वान मित्र, इथे पात्र) दान्ते, पेट्रार्क, बोकाच्चो या इटालियन साहित्यातल्या दिग्गजांची सालटी काढतो, दुसऱ्यात तिघांना डोक्यावर घेतो. खरा निक्कोली कुठला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहीही वाचा, पण वहीत प्रत्येक पात्राचा वेगळा रकाना करा आणि कोणी कुठे माघार घेतली ते पान टिपा. नाहीतर दुसऱ्याच बैठकीत 'लेखक म्हणतो' सुरू होतं.

मांडवीकाठ: अवांतर: पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा भारतातल्या औषधांवरचा संवाद, गोव्यात छापलेला, १५६३. रुआनो हे पात्र जुने ग्रंथ पुढे करतं, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, हेही कबूल करतो. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसिउसने १५६७मध्ये लॅटिन संक्षेप करताना संवादच काढून टाकला. उरली औषधांची यादी.

तळटीप: ते वैद्यक झालं.

मांडवीकाठ: ग्रंथ खरा की डोळे, हा प्रश्न वैद्यकाचा?

तळटीप: पानं किती ते सांगा आधी.

बोरू: सगळ्यांचे आभार. क्युसाच्या निकोलसचा (जर्मन तत्त्वज्ञ, कार्डिनल) मनावरचा संवाद ठरवलाय, १४५०चा. रोममध्ये तळघरवजा खोलीत लाकडी चमचे कोरणारा अशिक्षित माणूस तत्त्ववेत्त्याला शिकवतो. चमच्याला निसर्गात नमुना नाही, तो कोरणाऱ्याच्या मनात असतो, असं त्याचं म्हणणं. प्रकरणं १५, पानंही बेतात. रकान्यांची वही करतेय.

खडूस_वाचक: चमच्यांवर चार बैठका?!

दुपारचा_चहा: गॅलिलिओच घ्यायला हवा होता.