पुढच्या पिढीचा गेमिंग कन्सोल कोकणात टिकायचा असेल तर त्यात काय हवं?

गुहागरचा_गडी
नमस्कार मंडळी. पुढच्या प्लेस्टेशनची आणि पुढच्या एक्सबॉक्सची चर्चा सगळीकडे चालू आहे आणि जिथं बघावं तिथं ८के, रे ट्रेसिंग, टेराफ्लॉप अशा चित्राच्या आणि ताकदीच्या गप्पा, एवढंच. ते येऊदे, चांगलंच आहे, पण आपल्याकडे किनाऱ्यावर कन्सोल वापरणाऱ्याचे प्रश्न वेगळेच आहेत. जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही, हवा खारी, नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. २०२० साली निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आलं तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, ते सगळ्यांना आठवत असेल. तर समजा कंपनीने आपल्याला बसवून विचारलं की बाबांनो तुम्हाला कसा कन्सोल हवा, तर काय सांगाल? ग्राफिक्स सोडून बोला. खरंच मनापासून विचारतोय.

सोल्डर_रत्नागिरी
माझं रिपेरिंगचं काम आहे, टीव्ही मोबाईल आणि आता कन्सोलपण येतात. पहिली मागणी माझी, हवेचा रस्ता आणि बोर्ड वेगळे ठेवा. सध्या पंखा बाहेरची हवा ओढतो आणि त्या हवेबरोबर मीठ आत जातं, मग चिप थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांब्यावर हिरवं, टीव्हीची केबल लावायच्या एचडीएमआय पोर्टच्या पिना काळ्या. पुण्यातला मशीन आणि हर्णै बंदराजवळच्या घरातला मशीन, दोन्ही एकाच वर्षी घेतलेले, उघडून शेजारी ठेवले तर विश्वास बसणार नाही. बोटीवरच्या आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डावर पातळ पारदर्शक लेप मारतात, तो कारखान्यातच मारून द्यावा. पोर्टांवर आणि चिपच्या वर तो मारता येत नाही, म्हणून पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डावर द्या, खराब झालं तर तेवढंच बदललं.

आणि कंट्रोलरच्या स्टिका, अंगठ्याने फिरवायच्या त्या दांड्या!! आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर घासून घासून ड्रिफ्ट चालू होतो, खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो. लोहचुंबकाने चालणारा हॉल सेन्सर घातला की घासायचा प्रश्नच मिटला. ही काय नवी गोष्ट नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये होता, १९९८ साली. एवढ्या वर्षांनी तो सगळ्यांना साध्या कंट्रोलरमध्ये मिळायला हवा, महागड्या प्रो मॉडेलसाठी राखून ठेवू नये.

मालवणी_पिक्सेल
माका विचारशात तर एकच गोष्ट, लाईट गेली की खेळ मरता कामा नये. बाकी सगळा नंतर.

हिशोब मांडतो बघा. एक्सबॉक्स सिरीजमध्ये क्विक रिझ्यूम आहे, म्हणजे खेळाची चालू अवस्था एसएसडीवर, म्हणजे आतल्या कायमच्या साठवणीवर लिहून ठेवतात आणि प्लग काढला तरी ती राहते. पण ती लिहिली जाते तुम्ही खेळ बाजूला केल्यावर, खेळता खेळता लाईट गेली तर सगळं गेलं. आता सिरीज एक्समध्ये खेळाला साधारण साडेतेरा जीबी मेमरी मिळते आणि एसएसडी वाचते सेकंदाला २.४ जीबी. लिहिण्याचा वेग कमी धरा, तरी दहा-पंधरा सेकंदांत सगळी मेमरी उतरून होईल. मशीन दोनशे वॉट खातं असं धरलं तर पंधरा सेकंदांना लागते एक वॉट-अवरपेक्षाही कमी वीज. निन्टेन्डो स्विचच्या बॅटरीत सोळा वॉट-अवर असतात! म्हणजे एकदम छोटी बॅटरी आत बसवली की वीज गेल्या क्षणी मशीन सगळं लिहून शांतपणे बंद होईल आणि लाईट आली की त्याच जागेवरून चालू. तंत्र सगळं हातात आहे, फक्त ज्याच्या घरी लाईट जाते असा माणूस डिझाईनच्या टेबलावर बसलेला नाही.

माडबन_वाली
वरच्या दोघांचं पटलं. माझा मुद्दा नेटचा. मोठा गेम आता शंभर जीबीच्या पुढे असतो. रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर नुसता डाऊनलोड व्हायला पन्नास दिवस, आणि त्या पन्नास दिवसांत घरात दुसरं कुणी नेट वापरायचं नाही. म्हणून मला दुकानातून आणलेला गेम पूर्ण गेम हवा. स्विच २ बरोबर निन्टेन्डोने गेम-की कार्ड काढलं, कार्ड हातात येतं पण आत खेळ नाहीच, तो डाऊनलोडच करावा लागतो. प्लेस्टेशनचा पीएस५ प्रो तर डिस्क ड्राईव्हशिवायच विकतात. मला हे अजिबात मान्य नाही. गावातल्या चार घरांत चार वेगवेगळे गेम घ्यायचे आणि आपसात फिरवायचे, आमच्या वाडीत मुलं असंच खेळतात, खर्चही झेपतो. डाऊनलोडमध्ये हे सगळं बंद होतं.

दुसरं म्हणजे एका टीव्हीवर चार जण. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की घरात आठ-दहा पोरं असतात, आरती झाली की सगळी टीव्हीपुढे, आणि चौघांनी एकत्र खेळायचे गेम बोटावर मोजण्याइतके. निन्टेन्डो ६४ ला १९९६ सालीच समोर चार कंट्रोलरची सोय होती, आणि एक्सबॉक्सच्या हेलो ५ या गेममध्ये २०१५ साली स्प्लिट स्क्रीन, म्हणजे एकच स्क्रीन वाटून खेळायची सोयच काढून टाकली. ताकद वाढली ना मशीनची, मग ती चार जणांसाठी वापरा की. माझा मुलगा आणि त्याची चुलत भावंडं वर्षातून एकदाच भेटतात, ती वेगवेगळ्या घरी हेडफोन लावून बसावीत असं मला वाटत नाही.

चिपळूण_वाशिष्ठी
थोडा वेगळा विचार मांडतो. तुम्ही सगळे मोठा डबा सुधारताय. मला वाटतं पुढची पिढी हातात धरून खेळायची, म्हणजे हँडहेल्डच असावी. टीव्हीला जोडणाऱ्या डॉकवर लावूनसुद्धा पहिला स्विच वीस वॉटच्या आसपास चालतो, लाईट गेली तर त्याची स्वतःची बॅटरी आहेच, आणि पुराचं पाणी वाढायला लागलं की पिशवीत टाकून वरच्या मजल्यावर नेता येतो. २०२१ चा जुलै आम्ही विसरलेलो नाही. अडचण एवढीच की स्विच असो की स्टीम डेक, आपल्याकडे अधिकृत विक्री नाही, बाहेरून आणलेला घ्या आणि वॉरंटी विसरा. पीएस५ प्रो २०२४ च्या नोव्हेंबरात आला तोही भारतात नाही आला, त्यातल्या नव्या वायफाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता म्हणून. तर माझ्या आदर्श कन्सोलमध्ये पहिली ओळ हीच की जगात जिथं येईल त्याच दिवशी इथंपण यावा, वॉरंटीसकट, आणि सुटे भाग विकत मिळावेत.

सोल्डर_रत्नागिरी
@चिपळूण_वाशिष्ठी सुट्या भागांचं शंभर टक्के. स्टीम डेकचे भाग कंपनीच्या परवानगीने आयफिक्सिट ही दुरुस्तीचं सामान विकणारी कंपनी विकते, उघडायची माहितीपण मिळते, तसंच सगळ्यांनी करावं. फक्त हँडहेल्डला बॅटरी फुगण्याचा त्रास असतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो जास्त. बॅटरी चिकटवलेली नको, स्क्रूने बसवलेली हवी.

गुहागरचा_गडी
सगळ्यांचे आभार, पिक्सेलभाऊंचा हिशोब तर मी लिहूनच ठेवला. एक विचारतो, असा कन्सोल येईल तेव्हा येईल, पण आत्ता घरात जो आहे त्याचं काय? इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की कन्सोल बंद पडून परत चालू होतो. टीव्ही मात्र चालूच राहतो.

मालवणी_पिक्सेल
इन्व्हर्टरच्या मागे बघ, बऱ्याच मॉडेलला इको आणि यूपीएस असा एक स्विच असतो. तो इकोवर असेल तर लाईटवरून बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कन्सोल मरतो. यूपीएसवर कर. आणि इन्व्हर्टर साईन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखी सलग वीज देणारा आहे का तेही बघून सांग, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर कन्सोल लावू नको.