मदत हवी आहे: ढोलकी-हलगीचे सॅम्पल नव्या एसएसडीवर हलवले, जुने प्रोजेक्ट मुके झाले

धागाकर्ता: विंडोजवर एबलटन लाइव्ह (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतो. ढोलकी, हलगी, संबळ, दिमडीचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, मिळून ९० जीबी वेव्ह फाइली. आधी हार्ड डिस्कवर ई ड्राइव्हला होत्या, आता एसएसडीवर डी ला. हलवताना नावंही सुटसुटीत केली. आता जुनं प्रोजेक्ट उघडलं की मीडिया फाइल सापडत नाहीत असं खाली येतं. असे ४० प्रोजेक्ट आहेत. शिवाय फोल्डर वाद्यानुसार लावू की तालानुसार?

प्रतिसाद १: नावं बदललीत तिथे घोळ झाला. नुसती जागा बदलली असती तर त्या खालच्या सूचनेवर क्लिक करून, ऑटोमॅटिक सर्चला नवा फोल्डर दाखवून 'गो' दाबलं की काम झालं असतं. तो शोध नावावर चालतो. नाव बदललेली फाइल हाताने ओढून द्यावी लागते.

जुनी डिस्क पुसली नसेल तर ती जोडा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून तिला पुन्हा ई हेच अक्षर द्या. प्रोजेक्ट उघडा, सगळं वाजतंय ना बघा, मग फाइल मेन्यूतून 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. विचारेल तेव्हा 'फाइल्स फ्रॉम एल्सव्हेअर' ला होय म्हणा. फॅक्टरी पॅक (लाइव्हसोबत येणारे तयार आवाज) नको, उगाच जागा खातात. वापरलेल्या फाइलींची प्रत प्रोजेक्टच्याच फोल्डरात येते. ४०ही प्रोजेक्टचं हे उरकलं की लायब्ररीत हवी तेवढी उलथापालथ करा.

प्रतिसाद २: आधी वाद्य, त्यात ताल. सुटे ठोके आणि लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) वेगळे. नाव असं: ढोलकी_दादरा_०९५_काळी१ (वाद्य, ताल, लय, मग पट्टी म्हणजे सूर). लय तीन आकडीच लिहा, नाहीतर काही ठिकाणी १४० हे ९५च्या आधी लागतं. (प्रत्यक्षात नावं रोमन अक्षरांत ठेवा, काही जुनी प्लगइन (लाइव्हला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) देवनागरी पाहून अडतात.) ढोलकीला पट्टी हवीच, कारण शाई (पुडीवरचा काळा लेप) गायकाच्या पट्टीला लावलेली असते आणि लूप दोन-तीन स्वर सरकवला की चाट (पुडीच्या काठावरचा ठोका) डबा वाजवल्यासारखी येते. हलगीला पट्टी लिहू नका, ती शेकली की चढते.

दादऱ्याकडे नीट बघा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन आवर्तनं, म्हणजे १२ मात्रा, ६ सेकंदांत होतात. लाइव्हने त्या १६ धरल्या तर लय १६० दाखवतो आणि लूप फरफटतो. क्लिपच्या (लाइव्हमध्ये उघडलेल्या लूपच्या) बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, या खान्यात १२० घाला आणि क्लिपमधलंच सेव्ह बटण दाबा. ते वेव्हशेजारी लाइव्ह बनवतो त्या छोट्या एएसडी फाइलीत साठतं. म्हणून वेव्ह हलवताना एएसडीही सोबत न्या. कचरा समजून ती उडवली तर आवाज शाबूत राहतो, केलेली दुरुस्ती जाते.

धागाकर्ता: डिस्क आहे, पण ई अक्षर आता पेनड्राइव्हने घेतलंय.

प्रतिसाद १: लाइव्ह बंद करा, पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कला ई द्या.