एल्बेकाठी हातात हात, तीन वर्षांत बर्लिनचा रस्ता बंद. मध्ये नक्की काय बिनसलं?

खिडकीजवळची_जागा

राज्यसेवेचा अभ्यास करतेय. मूळची केमिस्ट्रीची, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

25 एप्रिल 1945 ला टोरगावजवळ एल्बे नदीवर अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक भेटले, हसत हात मिळवतानाचा फोटो सगळ्या पुस्तकांत आहे. 24 जून 1948 ला सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. मधल्या तीन वर्षांसाठी माझ्या नोट्समध्ये पाच चौकटी आहेत: याल्टा आणि पॉट्सडॅमच्या बैठका, चर्चिलचं फुल्टनचं भाषण, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचा सिद्धांत, मार्शल मदत योजना. पाचही पाठ आहेत. पण भांडण कशावरून झालं हे एकाही चौकटीत सापडत नाही. कुणी नीट सांगेल का?

नाक्यावरचा_पंच

भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद. हिटलर होता तोवर गळ्यात गळे, हिटलर गेला, गरज सरो वैद्य मरो. इतकं सोपं आहे.

खिडकीजवळची_जागा

पण मग तीन वर्षं का लागली? विचार तर 1917 पासून वेगळेच होते ना?

शंकू_साखळी

मी इतिहासाचा माणूस नाही. 34 वर्षं जमिनीची मोजणी केली, सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी बांधांवर उभा राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर मुलीकडे बर्लिनला दोनदा राहून आलो. ती आणि जावई कामाला गेले की मी दिवसभर एकटा हिंडायचो. पहिल्याच आठवड्यात एका म्युझियममध्ये 1945 चा नकाशा पाहिला आणि मला तो ओळखीचा वाटला. एक सामायिक गट, चार सहहिस्सेदार, आणि त्यातल्या तिघांचा तुकडा चौथ्याच्या शेताच्या मधोमध. वर त्यांना जायला नोंदलेला रस्ता नाही. असा नकाशा टेबलावर आला की आम्ही चहा मागवायचो, कारण भांडण येणार हे ठरलेलंच.

आता नीट सांगतो. जर्मनीची वाटणी कशी करायची हे लढाई चालू असतानाच, सप्टेंबर 1944 मध्ये लंडनला कागदावर ठरलं होतं. फ्रान्सला हिस्सा नंतर मिळाला. पूर्वेकडचा भाग सोव्हिएत, पश्चिमेचा बाकी तिघांचा म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचा, आणि राजधानी बर्लिन मात्र सगळ्यांची. पण बर्लिन पडतं सोव्हिएत भागात, हद्दीपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आत. प्रत्यक्षात सैन्यं थांबली ती ठरलेल्या रेषेवर नव्हे. अमेरिकन लोक लायप्झिगपर्यंत पुढे घुसले होते आणि बर्लिन एकट्या सोव्हिएत सैन्याने घेतलं होतं. जुलै 1945 च्या सुरुवातीला कब्ज्यांची अदलाबदल झाली. अमेरिकन सैन्य मागे सरलं, त्याबदल्यात पश्चिमेच्या तुकड्या बर्लिनमध्ये आल्या. कब्जा सोडण्याआधी माणूस एक गोष्ट करतो, रस्त्याचं लिहून घेतो. 29 जून 1945 ला अमेरिकन जनरल क्ले सोव्हिएत मार्शल झुकॉव्हला भेटले, एक हमरस्ता आणि एक लोहमार्ग वापरायचा असं बोलणं झालं. तोंडी! लेखी काही नाही. आपण तेव्हा चुकलो हे क्लेंनी पुढे स्वतःच कबूल केलं.

हवाई मार्गांचं मात्र लिहून झालं होतं. विमानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून 30 नोव्हेंबर 1945 ला चौघांनी मिळून तीन हवाई पट्टे मंजूर केले, प्रत्येकी 20 मैल रुंद. जून 1948 मध्ये जमिनीवरची तोंडी वहिवाट एका रात्रीत बंद झाली आणि लेखी असलेली वरची वाट चालू राहिली. विमान पाडायचं म्हणजे सही मोडून सरळ युद्ध, आणि ते कुणालाच नको होतं.

खिडकीजवळची_जागा

काका, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही! पण वाट असणं-नसणं एक, ती अडवायची वेळ का आली?

शंकू_साखळी

पैशावरून. भाऊबंदकी पैशावर येते तेव्हाच ती चावडीवर येते.

जर्मनीकडून नुकसानभरपाई किती घ्यायची यावर आधी ताणलं. सोव्हिएतांना 10 अब्ज डॉलर हवे होते, आणि त्यांची मागणी अगदीच हवेतली नव्हती, त्यांची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं मेली होती. ते कारखानेच्या कारखाने उचलून रेल्वेने नेत होते. अमेरिकन-इंग्रजांना दिसत होतं की असंच चाललं तर आपल्या हिश्श्यातले जर्मन आपल्याच खर्चाने पोसावे लागणार. मे 1946 मध्ये क्लेंनी आपल्या भागातून जाणारी भरपाई थांबवली.

दुसरा घोळ नोटांचा. कब्ज्यातल्या जर्मनीसाठी छापायच्या नोटांचे ठसे अमेरिकेने 1944 मध्ये सोव्हिएतांनाही दिले होते. एका खात्याची दोन चेकबुकं, दोन्हीवर सहीचा अधिकार. सोव्हिएतांनी भरमसाट नोटा छापल्या. बर्लिनमध्ये लोक नोटेपेक्षा अमेरिकन सिगारेट घ्यायला लागले. मग पश्चिमवाल्यांनी 20 जून 1948 ला आपल्या भागात नवा मार्क आणला, माणशी पहिले 40. या नोटा अमेरिकेत छापून गुपचूप आणल्या होत्या. सोव्हिएतांकडे नव्या नोटा तयार नव्हत्या, त्यांनी जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून चालवल्या. लोक त्यांना भिंतीच्या कागदाचे मार्क म्हणायचे. एकाच शहरात दोन चलनं, म्हणजे आता चूल वेगळी. 24 जूनला रस्ता बंद.

म्हणून मी म्हणतो, विचारांचं भांडण जुनं होतंच, पण भांडायला जागा मिळाली ती या नकाशावर.

फळ्यावरची_धूळ

काका, तुमचं लिहिणं आवडलं, पण शाळेत तीस वर्षं हाच धडा शिकवला, म्हणून थोडं अडवते. तुम्ही सगळं बर्लिनवर आणून ठेवता. फाटलं ते आधी, पोलंडमध्ये. मार्च 1945 मध्ये, म्हणजे युद्ध चालू असताना, पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या 16 नेत्यांना सोव्हिएतांनी बोलणीसाठी म्हणून बोलावलं, अटक करून मॉस्कोला नेलं आणि जूनमध्ये त्यांच्यावर खटला चालवला. त्याच्या महिनाभर आधी याल्टाला मुक्त निवडणुकांच्या जाहीरनाम्यावर स्टालिनची सही झाली होती. काका, तिथे तर लेखी होतं! लेखी असूनही चाललं नाही.

स्टालिनची बाजू मुलांना सांगताना मी फळ्यावर युरोपचा नकाशा काढते आणि विचारते, जर्मन सैन्य मॉस्कोकडे कुठून आलं? मुलं पोलंडवर बोट ठेवतात. तीस वर्षांत दोनदा त्या दारातून आलं. ते दार दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नव्हता, आणि पोलिश लोकांना काय हवं हा प्रश्न त्याच्या लेखी नव्हताच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. परीक्षेत मात्र एकच लिहायची सवय लागते.

आणि ताई, तुमच्या चौकटींमध्ये एक जोडणी करून बघा. 20 फेब्रुवारी 1947 ला ब्रिटनचे पंतप्रधान ॲटलींनी लंडनच्या संसदेत जाहीर केलं की जून 1948 च्या आत आम्ही हिंदुस्थान सोडू. दुसऱ्या दिवशी, 21 फेब्रुवारीला, ब्रिटनने वॉशिंग्टनला कळवलं की 31 मार्चनंतर ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं आम्हाला परवडणार नाही. ती बोचरी थंडी, कोळशाचा तुटवडा, बंद पडलेले कारखाने, रिकामी तिजोरी, दोन्ही निरोपांच्या मागे तेच घर होतं. आपल्या पुस्तकात पहिली बातमी स्वातंत्र्याच्या धड्यात असते, दुसरी शीतयुद्धाच्या. म्हातारा जमीनदार एकामागून एक चाव्या टेबलावर ठेवतोय हे मुलांना दिसतच नाही. ग्रीसची चावी अमेरिकेने उचलली. 12 मार्चला ट्रुमननी काँग्रेसकडे 40 कोटी डॉलर मागितले, आणि जगात आता दोनच मोठे उरले हे उघड झालं.

नाक्यावरचा_पंच

आणि अणुबाँब? त्याचं कुणी नावच काढत नाही.

शंकू_साखळी

बाई, पोलंडचं मान्य. लेखी असून मोडतात अशीही प्रकरणं पाहिलीत, फक्त तिथे मोडणाऱ्याची फौज दारात उभी असावी लागते. म्हणजे पुन्हा कब्जाच.

पंच, अणुबाँबचं सांगतो. पॉट्सडॅमचा सेसिलिएनहोफ वाडा मी पाहिला. अंगणात लाल फुलांचा मोठा पाच टोकांचा तारा आहे, 1945 मध्ये सोव्हिएतांनी बैठकीआधी लावलेला, अजून जपलाय. पाहुणे येण्याआधीच अंगणात आपली निशाणी. आत मॉस्कोत बनवून आणलेलं गोल टेबल. बैठक 17 जुलैला सुरू झाली, आदल्या दिवशी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी झाली होती. 24 जुलैला बैठक उठल्यावर ट्रुमन चालत स्टालिनकडे गेले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले की आमच्याकडे विलक्षण संहारक नवं हत्यार आलंय. स्टालिनने फारसं काही दाखवलं नाही. त्याला हेरांकडून आधीच ठाऊक होतं. भागीदाराने चार वर्षं लपवलेली गोष्ट दुसऱ्याने चोरून पाहिलेली, आणि दोघेही त्या टेबलावर सभ्यपणे बसलेले. त्या खोलीत मी बराच वेळ उभा राहिलो. बाकीचे पर्यटक आले आणि गेले.

उन्हाळी_गाळा

मध्येच तोंड घालतो. काका मोजणीवाले आहेत म्हणून विचारतो, कोरियाची 38 अंशाची रेषा ठाऊक असेलच?

शंकू_साखळी

तिचं नाव काढलं की मला अजून राग येतो. ऑगस्ट 1945 मधली रात्र, जपान शरण यायला निघालेला, सोव्हिएत सैन्य उत्तरेकडून कोरियात शिरलेलं. वॉशिंग्टनमध्ये दोन कर्नलांना अर्ध्या तासात रेषा सुचवायला सांगितली. त्यांच्याकडे होता नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. सोल आपल्याकडे राहावं म्हणून त्यांनी अक्षांशाची रेघ पकडली. ना नदी, ना डोंगर, ना गावकऱ्याला विचारलं. आम्ही एका गुंठ्याला तीन नोटिसा काढायचो हो.

तो बांध 1950 मध्ये पेटला. तो विझवताना आपला एक माणूस तिथे गेला होता, जनरल थोरात, कोल्हापूरकडचे. 1953 मध्ये भारतीय फौज घेऊन गेले. घरी परत जायचं नाही म्हणणारे 22 हजारांवर युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते, दोन्ही बाजू आपापल्या माणसांसाठी ओढताण करत होत्या. मोजणीला गेलेल्या माणसासारखी अवस्था, दोन्हीकडून संशय.

खिडकीजवळची_जागा

सगळ्यांचे आभार. पाच चौकटींच्या मधल्या जागा भरल्या. एक शेवटचं, काका. नाकेबंदी 12 मे 1949 ला उठली असं वाचलं. ती विमानांमुळेच ना? आणि रस्त्याचं पुढे लेखी झालं का?

शंकू_साखळी

विमानांमुळेच, आणि उलटून सोव्हिएत भागाचाही माल अडवला गेला म्हणूनही. सुमारे 2 लाख 77 हजार उड्डाणं, 23 लाख टन माल. लोकांना वाटतं दूध-पाव नेले असतील, पण त्यातला दोन तृतीयांश कोळसा होता. 20 लाखांवर माणसांचं शहर विमानातून कोळसा आणून हिवाळ्यात उबदार ठेवायचं, वेड्यासारखंच काम. टेंपलहोफचा विमानतळ 2008 मध्ये बंद झाला, आता धावपट्टीवर पोरं पतंग उडवतात, मीही नातवाबरोबर उडवला. बाहेर चौकात स्मारक आहे, आकाशाकडे वळलेल्या तीन काँक्रीटच्या फासळ्या. तीन फासळ्या म्हणजे तेच तीन लेखी हवाई पट्टे. बर्लिनकर त्याला भुकेचं दाताळं म्हणतात. मुलीने अर्थ सांगितला तेव्हा मला हसू आलं, कारण लांबून बघितलं तर खरंच आपलं पाचोळा ओढायचं दाताळं दिसतं. खाली मेलेल्या वैमानिकांची नावं कोरलीत.

एक गंमत सांगायची राहिली. मार्च 1948 मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी चौघांच्या नियंत्रण मंडळातून उठून गेले, ते मंडळ पुन्हा काही बसलं नाही. पण श्पांडाऊच्या तुरुंगात सात नाझी कैदी होते, त्याचा पहारा चौघांकडे पाळीने. दर महिन्याच्या 1 तारखेला पहारा बदलायचा, सलाम, किल्ल्या, सही. नाकेबंदी असो, भिंत उभी राहो, पाळी चुकली नाही. शेवटची वीसेक वर्षं आत हिटलरचा एकेकाळचा सहकारी हेस एकटा उरला होता, तो 1987 मध्ये मेला तोवर हे चाललं. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ बापाच्या श्राद्धाला एका पंगतीत बसलेले मी पाहिलेत, तसं.

आणि हो, रस्ता. बर्लिनला जाणारी वाहतूक अडवणार नाही असं सोव्हिएतांनी चौघांच्या करारात लिहून दिलं ते 3 सप्टेंबर 1971 ला. नाकेबंदीपासून मोजलं तर वहिवाटीची नोंद व्हायला 23 वर्षं. मी सेवेतून उतरलो तेव्हा माझ्या कपाटात याहून जुनी दोन प्रकरणं होती.