आकाशवाणीवर राजकारण, कोर्ट, सिनेमा यावर खणखणीत वाद का नकोत?

गॅलरीतला_पोपट: आमच्याकडे सकाळी सात दहाला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागणारच, आईचा नियम. ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण कधीच हरवलंय, सेल रबरबँडने धरून ठेवलेत, आणि मिक्सर लावला की ७९२ किलोहर्ट्झवर नुसती खरखर. तर परवा पोहे परतता परतता ऐकत होतो, मंत्री काय म्हणाले, विरोधक काय म्हणाले, कोर्टात पुढची तारीख, हवामान, संपलं. अरे पण यातलं खरं कोण बोलतंय, त्या तारखेचा अर्थ काय? अमेरिकेत भावाच्या गाडीत पब्लिक रेडिओ ऐकला, एका तासात त्यांच्या राज्याचं राजकारण, एक खटला आणि नुकताच लागलेला सिनेमा, तिन्हीवर माणसं निवांत भांडत होती. पुण्यात एफटीआयआय आहे, फिल्म अर्काइव्ह आहे, वाद घालणारे तर गल्लीला चार. मग आपल्याकडे का नको?

शनिपारकर_काका: अजिबात नको. टीव्हीवर रोज रात्री आठ खिडक्यांतून ओरडतात ते कमी पडतं का? रेडिओ कंटाळवाणा आहे म्हणून तर त्यावर विश्वास आहे. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातम्या संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला तेव्हा एरवी रेडिओला हात न लावणारेसुद्धा खवळले, शेवटी स्थगिती आली. ते सगळं तुमच्या त्या भांडणासाठी नव्हतं, साध्या बातम्यांसाठी होतं.

गॅलरीतला_पोपट: काका, टीव्हीवर ओरडतात म्हणून रेडिओने गप्प बसायचं हे कुठलं लॉजिक

काळा_कोट: मी वकील, त्यामुळे अर्धी इकडे अर्धी तिकडे. आकाशवाणीची आचारसंहिता जुनी आहे, पक्षाचं नाव घेऊन हल्ला नाही, न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नाहीत, राज्यावर किंवा केंद्रावर वैरभावाने टीका नाही. आता यात राजकारणावरचा वाद बसवून दाखवा, मी चहा पाजते. पण कोर्टाच्या विषयाला रेडिओच हवा. मे २०२४ ला कल्याणीनगरच्या अपघातात दोघं गेले आणि अल्पवयीन मुलाला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध सांगितला, त्यावर मीम्स किती फिरले, पण बाल न्याय मंडळ म्हणजे काय, सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा तर आधी मंडळाने काय तपासायचं असतं, हे किती जणांनी समजावलं? उलट मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी असून फोटो सगळीकडे. आवाजात निदान फोटो तरी नसतो.

डेक्कनचा_डबा: +१, आणि हे खासगी एफएमवाले करूच शकत नाहीत, त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायचं बस. सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय की ध्वनिलहरी जनतेच्या मालकीच्या. मालक आपण आणि ऐकायला मिळतं काय तर जाहिराती आणि प्रँक कॉल.

शनिपारकर_काका: मालक म्हणे. आणि चर्चेला माणसं कोण निवडणार, वरचे साहेबच ना? मग दोन्ही बाजूला एकाच बाजूचे बसतील आणि तुम्ही त्याला वाद म्हणाल. त्यापेक्षा निवडणुकीत पक्षांना चिठ्ठ्या टाकून वेळ वाटून देतात ते बरं, कोण कोणाच्या वतीने बोलतोय ते तरी कळतं.

गॅलरीतला_पोपट: हा मुद्दा मात्र मान्य, याला माझ्याकडे उत्तर नाही

सिलोनप्रेमी: सिनेमाबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी. १९५२ ला केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, जन्म पुण्याचाच बरं का, आणि त्यांच्या काळात फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार. लोकांनी काटा फिरवला आणि फिल्मी गाणी लावणारं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. तेव्हा गाण्यांना पाच वर्षं लागली, सिनेमाच्या परखड परीक्षणाला किती लागतील ते तुम्हीच ठरवा. मराठी सिनेमाला दुपारी बाराचा एकच शो मिळतो, तो उतरायच्या आत कोणी रेडिओवर नुसतं 'बघा' किंवा 'नका बघू' म्हटलं तरी चालेल.

गॅलरीतला_पोपट: आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली वाद घाला खुशाल, पण सात दहाला नाही, मला पाऊस ऐकायचा असतो.

शनिपारकर_काका: आईंना नमस्कार सांगा. आणि तपकीर गल्लीत जाऊन आधी त्या ट्रान्झिस्टरला झाकण बघा.