बोका सारखा कुंथतो, पण ट्रेमधली वाळू कोरडीच: सोमवारपर्यंत थांबावे का?

प्रश्न (सातारा)
आमचा बोका चार वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे. तो घरातच राहतो आणि कोरडाच खाऊ खातो. काल संध्याकाळपासून तो दर दहा-पंधरा मिनिटांनी वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसतो, मधूनच ओरडतो आणि लघवीची जागा चाटत राहतो. आज सकाळी त्याने काही खाल्ले नाही आणि एकदा उलटी केली. शौचाचा खडा झाला असावा, थोडे एरंडेल द्यावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर वेदनेसाठी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर चालेल का?

उत्तर १ (पशुवैद्यक)
कृपया सोमवारची वाट पाहू नका. जो पशुवैद्य आत्ता उपलब्ध असेल त्याच्याकडे त्याला लगेच घेऊन जा. आपण दिलेले वर्णन बद्धकोष्ठापेक्षा लघवी तुंबल्याचे अधिक वाटते. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो, त्यामुळे बारीक खडे, चिकट स्राव किंवा नुसती सूजही तो बंद करू शकते. तो पूर्ण बंद झाला की मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. अशा अवस्थेत एक-दोन दिवसांतही बोका दगावू शकतो. उलटी आणि अन्न सोडणे ही विष अंगात भिनू लागल्याची चिन्हे असू शकतात.

पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. ते पचवून निरुपद्रवी करण्याची क्षमता मांजरांच्या यकृतात फार कमी असते आणि अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. एरंडेलही नको. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नका, कारण ताणलेले मूत्राशय फुटू शकते.

उत्तर २ (ठाणे)
आमच्या बोक्याच्या बाबतीत आम्हीही बद्धकोष्ठच समजलो आणि एक पूर्ण दिवस घालवला, याची खंत मला आजही आहे. डॉक्टरांनी त्याला भूल देऊन मूत्रमार्गात नळी घातली, सलाईन लावले आणि तीन दिवस ठेवून घेतले. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तुंबली. म्हणून पहिले काही आठवडे वाळूत रोज लघवीचे किती गोळे होतात हे मोजत राहा.

प्रश्नकर्ती
आपल्या उत्तरानंतर तासाभरातच दुसऱ्या दवाखान्यात पोहोचलो. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. नळी घातली आहे, पोटॅशियम वाढलेले होते ते आता उतरत आहे. लघवीत स्ट्रुवाइटचे (लघवीतील क्षारांचा एक प्रकार) स्फटिक आढळले, मोठा खडा मात्र नाही. घरी आणल्यावर खाण्याचे काय करावे?

उत्तर १ (पशुवैद्यक)
वेळेवर पोहोचलात, फार बरे वाटले. स्ट्रुवाइट विशेष आहाराने विरघळते. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे तसे विरघळत नाहीत, म्हणून तपासणीशिवाय आहार ठरवू नये. हा आहार डॉक्टरांनी सांगितलेलाच द्यावा आणि त्यासोबत दुसरे काही देऊ नये. कोरड्या खाऊत पाणी साधारण दहा टक्के असते, तर ओल्यात पाऊण भागाहून अधिक, त्यामुळे शक्य तर तोच आहार ओल्या स्वरूपात घ्यावा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून दूर ठेवा. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. घरात पाहुणे, बांधकाम किंवा नवे जनावर अशा ताणानेही मूत्राशयाला सूज येते, तेव्हा त्याला लपून बसायला एक शांत कोपरा असू द्या. आणि घरी आल्यावर वाळू बारा तास कोरडी राहिली, तर फोन करून विचारत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.