स्मिता पाटीलचे सिनेमे कुठून सुरू करू?

रानवारा: मी तिचा फक्त 'नमक हलाल' बघितलाय, पण घरात सगळे म्हणतात खरी स्मिता ती नव्हेच. मग आधी कुठला बघू?

निवडुंग: 'भूमिका'च. १९७७ चा, तेव्हा ती जेमतेम विशी ओलांडलेली आणि रोल जुन्या काळातल्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आयुष्यावरून घेतलेला, अल्लड पोरीपासून पार थकलेल्या बाईपर्यंत सगळं तिच्या डोळ्यांत दिसतं, नॅशनल अवॉर्ड उगाच नाही मिळालं. पुढे 'चक्र'साठी अजून एक मिळालं.

सांजवेळ: मराठी माणसाने आधी 'उंबरठा' बघावा असं माझं ठाम मत आहे. सुलभा घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते आणि स्मिता कुठेही रडून सहानुभूती मागत नाही, हेच मला तिचं सगळ्यात मोठं वाटतं.

निवडुंग: अगदी! माणूस म्हणून पण तशीच बिनधास्त. दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची म्हणतात. सावळा रंग लपवायच्या भानगडीत कधी पडली नाही, त्या काळात हिरॉइनसाठी ही केवढी गोष्ट होती. १९८६ ला गेली, वय फक्त ३१, अजून पटत नाही.

रानवारा: आज रात्री 'भूमिका', उद्या 'उंबरठा'. थँक्स दोघांना!